वाटण्या देत वाढलेले विद्यापीठ

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आपली खैरलांजी त्याच्या हद्दीत होती. आजच्या तरुण वाचकाला हे पटायला थोडा वेळ लागेल. बावनथडी ओलांडली की तुमसर तालुका, वैनगंगा ओलांडली की तिरोडा. दोन्हीकडे महाराष्ट्र, आणि मधल्या बेचक्यात आपण मध्य प्रदेशचे. पण ही रेघ अलीकडची आहे. बालाघाट जिल्हाच मुळी १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या तिन्ही जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा एक प्रांत, नागपूर त्याची राजधानी, आणि त्या अख्ख्या प्रांतासाठी एक विद्यापीठ, अशी १९२३ ची मांडणी होती. या स्मरणिकेसाठी नागपूर विद्यापीठाचा इतिहास लिहायचा तर तो शेजारच्या राज्यातल्या एका संस्थेची माहिती म्हणून लिहिता येत नाही. तो आपल्याच घरातल्या एका जुन्या वाटणीचा इतिहास आहे.

(बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. ही खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातले तहसीलचे गाव. २००६ च्या हत्याकांडामुळे देशभर माहीत झालेली खैरलांजी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे. नाव एक असल्याने गल्लत नेहमी होते.)

विद्यापीठ नव्हते तेव्हाही नागपुरात महाविद्यालये होती. स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, मॉरिस कॉलेज १८८५ चे. पण तिथे शिकणाऱ्याची पदवी आधी कलकत्त्याची असे, पुढे अलाहाबादची. अभ्यासक्रम दूर कुठेतरी ठरायचा आणि निकालही तिकडून यायचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून देशात नव्या विद्यापीठांची लाट आली. बनारस, म्हैसूर, पाटणा, उस्मानिया, ढाका, लखनौ, दिल्ली अशी एकामागून एक निघत गेली, आणि मध्य प्रांतानेही आपले हवे म्हणून कायदा करून घेतला. सुरुवात सहा महाविद्यालयांनी आणि हजाराच्या आत विद्यार्थ्यांनी झाली. नागपूरबरोबर जबलपूरचे रॉबर्टसन कॉलेज आणि अमरावतीचे नवे किंग एडवर्ड कॉलेजही याच छत्राखाली आले. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. हे बंगाली वकील नागपुरात येऊन स्थायिक झाले होते. त्यांच्यानंतरच्या यादीत डॉ. हरिसिंह गौर, भवानीशंकर नियोगी, तुकाराम जयराम केदार, कुंजीलाल दुबे ही नावे येतात. बंगाली, बुंदेली, तेलुगू, मराठी, हिंदी अशा सगळ्या घरांतली ही माणसे. प्रांतच तसा होता.

पहिली अनेक वर्षे विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि पदव्या. शिकवणे महाविद्यालयांकडे. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतलेले पहिले मोठे काम कायद्याचे. १९२५ साली युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉ निघाले. आज तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय. नागपूरचा लॉ कॉलेज चौक याच्यावरूनच ओळखला जातो. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजहून परतल्यावर वकिली करता करता ते या लॉ कॉलेजात शिकवीत. आणखी एक सरन्यायाधीश, शरद बोबडे, यांची कायद्याची पदवी नागपूर विद्यापीठाचीच. नागपूरच्या वकिलीचा दबदबा आपल्या जिल्ह्याच्या कोर्टांतही वर्षानुवर्षे चालत आला आहे, त्याचे मूळ या चौकात सापडते.

आता मँगनीजची गोष्ट. बालाघाट, भंडारा आणि नागपूर या तीन जिल्ह्यांतून मँगनीजचा पट्टा जातो. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे आपल्याकडे मुलांनाही पाठ असतात. तिरोडीच्या खाणीत सापडलेल्या एका खनिजाला तर जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत टिरोडाइट असे नाव मिळाले. या पट्ट्यातल्या खनिजावर ज्यांनी संपत्ती उभी केली, त्यांत कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण होते. ते १९३० साली वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात सुमारे ३५ लाख रुपयांची मालमत्ता नागपूर विद्यापीठाच्या नावे निघाली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्या काळचे ३५ लाख म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनी आपापल्या आजोबांच्या पगारावरून करून पाहावा. मृत्युपत्र आणि प्रत्यक्ष संस्था यांच्यात बारा वर्षे गेली, आणि १९४२ साली, केदार कुलगुरू असताना, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. अमरावती रस्त्यावरची ही संस्था नागपूरकरांच्या तोंडी नुसती 'एलआयटी'. केमिकल इंजिनिअरिंग आणि तेल तंत्रज्ञान यांत तिने नाव काढले. जमिनीखालचे धन उकरून काढणाऱ्या माणसाने ते शाळेच्या नावाने वर ठेवावे, ही गोष्ट आपल्या भागात आणखी वारंवार घडायला हवी होती. खाणी अजून चालू आहेत. लक्ष्मीनारायण मात्र एकच झाले.

त्याच केदारांच्या कारकिर्दीतली दुसरी एक गोष्ट मला या विद्यापीठाच्या इतिहासातली सर्वांत मोठी वाटते. १९३८ साली हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. निजामाच्या राजवटीत ते खपणारे नव्हते. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. अशा मुलांना दुसरे विद्यापीठ सहसा दारात उभे करत नाही, कारण ते त्या सरकारचा रोष ओढवून घेणे असते. केदारांनी नागपूरचे दार उघडले. ती मुले इथे आली, राहिली, परीक्षांना बसली आणि पुढे गेली. त्यांच्यातच एक होते पी. व्ही. नरसिंह राव, नंतरचे पंतप्रधान. पुढे कायद्याच्या शिक्षणासाठीही ते नागपुरालाच आले. हैदराबाद संस्थान नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत नव्हते. तरी हद्दीचा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटाकडे तो पुन्हा लागणार आहे.

इथून पुढचा इतिहास वाटण्यांचा आहे.

पहिली वाटणी आपल्या बाजूची. नागपूरचे दोनदा कुलगुरू झालेल्या हरिसिंह गौरांनी आपल्या जन्मगावी, सागरला, स्वतःच्या कमाईतून १९४६ साली नवे विद्यापीठ काढले. महाकोशलचे जिल्हे तिकडे गेले, त्यात बालाघाटही गेला. म्हणजे भाषावार प्रांतरचना होण्याच्या दहा वर्षे आधीच आपण नागपूरच्या हद्दीबाहेर पडलो होतो. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची रेघही पडली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि नागपूरची राजधानी भोपाळला गेली. तेव्हापासून आपल्या जिल्ह्याची महाविद्यालये आधी सागर, मग जबलपूर आणि २०१९ मध्ये नवे विद्यापीठ झाल्यावर छिंदवाडा अशी फिरत राहिली. खैरलांजीतल्या एकाच घरातले आजोबा, वडील आणि मुलगा गाव न सोडता तीन वेगवेगळ्या विद्यापीठांचे विद्यार्थी होऊ शकतात. याला आमच्याकडे कोणी धोरण म्हणत असेल तर म्हणो.

नागपूरच्या बाजूलाही वाटण्या थांबल्या नाहीत. शेतकी शिक्षण १९६९ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. १९८३ च्या महाराष्ट्रदिनी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि वऱ्हाडचे जिल्हे, यवतमाळसह, तिकडे गेले. संस्कृतसाठी रामटेकला १९९७ मध्ये कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ निघाले. पुढच्याच वर्षी नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे जोडली गेली. विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय संस्था झाले. २०११ च्या गांधी जयंतीला गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले, चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. आणि २०२३ मध्ये, शताब्दीच्याच वर्षी, लक्ष्मीनारायणांच्या दानातून उभी राहिलेली एलआयटी स्वतंत्र विद्यापीठ झाली. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया एवढे चार जिल्हे उरले आहेत. एकत्र कुटुंबातल्या मोठ्या भावाने दर पिढीला शेताचा एक बांध सोडावा तसे हे चालले. मधल्या काळात नावही बदलले. २००५ पासून ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. बोलण्यात मात्र सगळे नागपूर विद्यापीठच म्हणतात.

हद्द घटत गेली तरी अभ्यास मात्र उलट दिशेने, म्हणजे बाहेर, गेला. याचे उत्तम उदाहरण प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विभागाचे. वासुदेव विष्णु मिराशी हे मॉरिस कॉलेजचे संस्कृतचे प्राध्यापक. वाकाटक आणि कलचुरींचे ताम्रपट वाचण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर ते विद्यापीठाच्या या विभागात आले. पुढे शां. भा. देव यांनी विदर्भातली शिळावर्तुळे खणायला घेतली. टाकळघाट-खापा, माहुरझरी ही नावे त्यातूनच अभ्यासकांच्या नकाशावर आली. १९६९-७० मध्ये विभागाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याबरोबर पवनीला उत्खनन केले. पवनी म्हणजे आपल्याच वैनगंगेच्या काठी, खालच्या अंगाला. तिथल्या जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-शुंग काळातला स्तूप निघाला आणि त्याचा अहवाल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. आपल्या नदीच्या काठी बावीसशे वर्षांपूर्वी एवढे नगर होते, हे आपल्याला एका विद्यापीठाच्या कुदळीने सांगितले. पुढे अजय मित्र शास्त्री यांनी मांढळला वाकाटकांची पाळेमुळे शोधली. या विभागाचे विद्यार्थी वर्षाचे काही दिवस तंबूत आणि खड्ड्यात काढत. असे शिक्षण वर्गात मिळत नाही.

मराठीच्या बाजूने डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव घ्यायलाच हवे. महानुभाव वाङ्मयाचा एवढा मोठा अभ्यासक १९६६ ते १९७२ या काळात कुलगुरू होता, आणि याच काळात, १९६७ मध्ये, भोपाळच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्षही. मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला त्या संमेलनाचे अप्रूप असायचे. हिंदीच्या बाजूने गजानन माधव मुक्तिबोध आहेत. नागपुरात पत्रकारिता करता करता त्यांनी १९५४ मध्ये इथूनच हिंदीत एम. ए. केले. मराठी घरातला मुलगा, हिंदीतला थोर कवी आणि नागपूरचा एम. ए. असा हा योग फक्त या प्रांतातच जुळू शकतो.

विद्यापीठाची आजची मुख्य वास्तू अमरावती रस्त्यावर आहे. महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर हे तिचे नाव, पण रिक्षावाल्याला 'कॅम्पस' म्हटले की पुरे. जुने प्रशासकीय कार्यालय महाराजबागेजवळ, तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. कॅम्पसवर पदव्युत्तर विभाग एकेक करून उभे राहिले. रसायन, भौतिकी, भूशास्त्र, वनस्पती, प्राणी, गणित, संख्याशास्त्र. गुरुनानक भवन म्हणजे कार्यक्रमांची जागा. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन याच परिसरात भरले. शताब्दी वर्षात, २ डिसेंबर २०२३ रोजी, १११ व्या दीक्षान्त समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या होत्या.

खेळाचे केंद्र रवीनगर. तिथले मैदान आणि सुभेदार हॉल हे विद्यापीठाच्या खेळाडूंचे दुसरे घर. खेळाचा रस्ता असा असतो: आधी महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, आणि तिथे जमले तर अखिल भारतीय. विद्यापीठाच्या संघात जो खेळला त्याला कलर कोट. तो कोट अंगावर चढवून गावात मंडईला फिरणाऱ्या मुलाची ऐट ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचे सांगायला नको. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई आणि दंडार असते, त्याच दिवसांत कबड्डीचे सामनेही रंगतात. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांच्या संघांना तिथे एकमेकांविरुद्ध खेळायला राज्याची सीमा आड येत नाही. विद्यापीठात मात्र येते. बालाघाटच्या महाविद्यालयातला मुलगा नागपूरच्या संघात खेळू शकत नाही, त्याचे विद्यापीठच वेगळे. कामठीचा फुटबॉल ही नागपूर विद्यापीठाची जुनी मिळकत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांचे प्रात्यक्षिक दाखवून आलेले. तिथले शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९८३ पर्यंत नागपूरच्याच हद्दीत होते. अमरावती वेगळी झाली तेव्हा अनेक कागद गेले, इमारती गेल्या, पण क्रीडेच्या बाजूने सर्वांत जास्त गेले ते हेच, असे जुने क्रीडाशिक्षक मानतात. मला ते खरे वाटते.

राहण्याची सोय हा प्रत्येक विद्यापीठाच्या इतिहासातला दुबळा भाग असतो. इथेही तसेच. जे विद्यापीठ परीक्षा घेण्यासाठी जन्मले त्याने सुरुवातीला मुले कुठे राहतील हा विचार केला नाही. तो महाविद्यालयांनी केला. मॉरिस होस्टेल हे नाव नागपूरच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अजूनही असते. नंतर एलआयटीची वसतिगृहे आली. विद्यापीठाने पदव्युत्तर मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी वसतिगृहे बांधली. शिवाय समाजाच्या बोर्डिंगा आणि शासकीय वसतिगृहे होतीच. त्यात संत चोखामेळा वसतिगृहाचे स्थान वेगळे. दलित समाजातली शिकलेली एक पिढीच्या पिढी त्या खोल्यांतून घडली. खैरलांजी-वारासिवनीकडच्या मुलांनी मात्र बहुतेक वेळा खोली करून राहणेच पसंत केले, किंवा खरे सांगायचे तर ते त्यांना भाग पडले. तिघांनी मिळून भरतनगरकडे किंवा गोकुळपेठेच्या मागल्या गल्लीत एक खोली, मेसचा डबा, सकाळी तर्री-पोहे, आणि सणाला तुमसर रोडवर उतरून घरी. जो डबा लावून राहिला तो पोटापुरता शिकला, जो स्वतः भात शिजवून राहिला तो संसारही शिकला, असे आमच्याकडचे वडीलधारे म्हणत.

खोली करण्याचे कारण फक्त वसतिगृह अपुरे असणे नव्हते. वसतिगृहाच्या जागा आणि शिष्यवृत्त्या रहिवासी दाखल्यावर चालतात, आणि आपला दाखला मध्य प्रदेशचा. महाराष्ट्राच्या स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, पण तो महाराष्ट्राचा रहिवासी हवा. प्रवेशासाठी मायग्रेशन सर्टिफिकेट काढा, पात्रता प्रमाणपत्र काढा, मग परराज्याच्या जागांच्या रांगेत उभे राहा. नियम म्हणून यात वावगे काही नाही. प्रत्येक राज्य आपल्या मुलांचे आधी बघणारच. पण महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशांत कर्नाटक सीमेवरच्या ८६५ मराठी गावांसाठी वेगळी तरतूद आहे. तिथला मराठी मातृभाषेचा विद्यार्थी महाराष्ट्राचा मानला जातो. ती तरतूद योग्यच आहे. फक्त असे वाटते की, जे विद्यापीठ आपल्या या वैनगंगेच्या काठाचेही होते, जिथे आपल्याच मँगनीजच्या पट्ट्यातला पैसा गेला, आणि ज्याने १९३८ साली हद्दीबाहेरच्या मुलांना हद्द न विचारता घेतले, त्याने बालाघाटच्या मराठी मुलांसाठी वसतिगृहाच्या मोजक्या जागा आणि कागदपत्रांत थोडी सवलत ठेवायला काही अवघड नाही. आमचा सीमेवर दावा नाही. जागेवर आहे.

हे मागणे विद्यापीठापुढे मांडायचे असेल तर आधी आपल्याकडे पुरावा हवा. ज्यांच्या घरी १९४६ पूर्वीची नागपूर विद्यापीठाची पदवी, मॅट्रिकनंतरची गुणपत्रिका, मॉरिस किंवा हिस्लॉपचा जुना फोटो, होस्टेलची पावती किंवा कलर कोटातले छायाचित्र असेल, त्यांनी त्याची प्रत या स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडे द्यावी. मूळ कागद देऊ नये. प्रत पुरेशी आहे. जमलेल्या कागदांची यादी करून, खैरलांजी, वारासिवनी आणि कटंगी तहसिलींतल्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांनी, निवेदन नागपूरला पाठवायचे आहे.